आधी दळून ठेवलेलं

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातल्या गर्दीत तास मोडतो, घरी पोचेपर्यंत दिवेलागण होऊन गेलेली असते, भाजी आणायची राहिलेली असते, आणि तरी दहाव्या मिनिटाला ताटात वाफाळती आमटी असते. कारण फडताळात येसराचा डबा असतो. दोन चमचे येसर थंड पाण्यात कालवायचं, ठेचलेल्या लसणाची फोडणी करायची, त्यावर कालवलेलं येसर ओतायचं आणि मग आधणाचं पाणी. दोन उकळ्या आल्या की आमटी मिळून येते. सोबत भाकरी कुस्करायची. बास.

मराठवाड्याबाहेरच्या माणसाला येसर म्हणजे काय ते सांगावं लागतं. गहू, हरभऱ्याची डाळ, मूठभर तांदूळ, कुणाकडे ज्वारी किंवा बाजरी. शिवाय धने, जिरे, सुकं खोबरं, लाल मिरच्या, मिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल. हे सगळं वेगवेगळं भाजायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं आणि एकत्र दळून आणायचं. धान्य आणि मसाला एकाच डब्यात. त्यामुळे आमटीला डाळ शिजवायची गरज नाही, वाटण नको, वरून मसालाही नको. लग्नाच्या पंगतीत पातेलंभर लागते तीही हीच आमटी आणि एकट्या माणसाच्या वाटीत येते तीही हीच.

झटपट स्वयंपाक हे आजकालचं खूळ आहे असं कुणी म्हणालं की मला या डब्याची आठवण होते. पाकिटांच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरांत दहा मिनिटांची आमटी होत होती. पण त्या दहा मिनिटांच्या मागे चैत्रातली एक अख्खी दुपार होती. भाजणारीचे लाल झालेले डोळे, घामाने भिजलेला पदर होता. पूड म्हणजे आधी करून ठेवलेलं काम. ते कुणी केलं, कशाने केलं, कुणाच्या वाट्याला गेलं, याचा हा मागोवा.

या एका वस्तूला मराठीत नावं तरी किती! जाडसर फुटलं की भरड. शेंगदाण्यांचा कूट. धन्याजिऱ्याची पूड. धान्याचं पीठ. वैद्याच्या पुडीत गेलं की चूर्ण, फडक्यातून गाळलं की वस्त्रगाळ. मेथ्या घालून केलं ते मेतकूट. आणि लाल मिरचीच्या पुडीला तर आपण पूड म्हणतच नाही, तिखट म्हणतो. चवीचंच नाव वस्तूला लागलं. खरं तर ही मिरची परकी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या मागोमाग अमेरिकेतून ती इकडे आली. तोवर तिखटपणाची मिरासदारी मिरे, पिंपळी आणि सुंठीकडे होती. मिरचीला नावसुद्धा मिऱ्यावरूनच मिळालं. नंतर तिने असं बस्तान बसवलं की 'तिखट' हा शब्दच तिच्या नावावर झाला.

मिरची येण्याआधीचं स्वयंपाकघर बघायचं तर 'मानसोल्लास' उघडावा. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराचा हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याच्या अगदी वेशीवर. राजाने त्यात खाण्यापिण्यावर मनसोक्त लिहिलं आहे. त्यात डाळींची पिठं आहेत, हिंग आहे, हळद आहे, मिरपूड आहे. पीठ आणि मसाल्याची पूड एकत्र आणून पदार्थ सिद्ध करायचा, ही रीत तेव्हाही मुरलेली होती. येसर तेव्हा होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या घराण्यात ते पुढे जन्मलं, ते घराणं जुनं आहे.

आता थोडं शास्त्र, कारण ते कळल्याशिवाय पुढचं नीट कळत नाही. जिन्नस वाळला की टिकतो. त्यातलं पाणी गेलं की बुरशीला आणि जिवाणूंना जगायला जागा उरत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या, उन्हाने भाजून निघणाऱ्या आमच्या मुलखाला वाळवणाची विद्या म्हणूनच सहज साधली. पण दळणं हे वाळवण्याच्या नेमकं उलटं काम करतं. दाणा अखंड असतो तोवर त्याचं तेल, त्याचा वास आत बंद असतो. तो फुटला की वाऱ्याला उघडा पडतो. बाजरीचं पीठ आठवड्याभरात कडवट लागायला लागतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा फुटतात. म्हणजे वाळवण वर्षाचं करता येतं, दळण मात्र रोजचं. भाजल्याने यातून थोडी सुटका होते, म्हणून येसर आणि मेतकूट टिकतं. भाकरीच्या पिठाला ती सवलत नाही. बायकांना शतकानुशतकं पहाटे उठून जात्यावर बसावं लागलं, त्याचं एक कारण असं दाण्याच्या पोटात आहे.

हे जातं आलं कधी? आमच्या शहरापासून अहिल्यानगरच्या रस्त्याने निघालं की प्रवरेकाठी नेवासं लागतं. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली तेच हे नेवासं. १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी तिथे उत्खनन केलं. सातवाहन काळाच्या थरांमध्ये दळण्याची दोन्ही साधनं मिळाली. एक, दगडी पाटा, ज्यावर वरवंटा पुढेमागे लोटायचा. दुसरं, गोल फिरणारं जातं. १९५९मध्ये सांकळियांनी या फिरत्या जात्यांवर वेगळा लेख लिहिला आणि रोमन जगाशी असलेल्या संपर्काशी त्यांचा धागा जोडला. तेव्हा पैठण ही मोठी बाजारपेठ होती, भूमध्य समुद्राकडचा माल इथवर येत होता. दारूचे कुंभ आणि मातीची भांडी आली तशी जात्याची कल्पनाही आली असेल, तर त्या व्यापारात याहून मोलाची दुसरी वस्तू मला दिसत नाही. पाट्यावर गुडघे टेकून सगळं अंग पुढे लोटावं लागतं. जात्याला खुंटा असतो, फेर असतो, समोर दुसरी बाई बसू शकते. एकीने खुंटा धरायचा, दुसरीने घास घालायचा, मग अदलाबदल.

समोर दुसरी बाई बसू शकते, म्हणून ओवी आली असं मला मनापासून वाटतं. फेराला ताल होता आणि ऐकायला कुणीतरी होतं. गंगाखेडची जनाबाई दळायला बसते आणि समोरचा खुंटा विठ्ठल धरतो, ही कथा मराठी माणसाला ठाऊक असते. दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या बाईला देवाकडून काय हवं होतं, तर दळायला जोडीदार. एरवी जात्यावर सासर होतं, माहेर होतं, भाऊराया होता, आणि कुणाच्या कानावर जाणार नाही असं पुष्कळ काही होतं. गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरच्या बायकांनी १९९६मध्ये गायलेल्या, बाबासाहेबांना आळवणाऱ्या ओव्याही आहेत. पिठाबरोबर जात्यातून हेही पडत होतं.

आणि आता आमच्या शहरातली पाणचक्की. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला तिथे नेतो, हौदातले मासे दाखवतो, वडाखाली बसवतो आणि घरी येतो. चक्कीपाशी दोन मिनिटंही थांबत नाही. पण पिठाच्या इतिहासात या शहराचं स्वतःचं असं पान कुठलं असेल तर ते हेच आहे.

१६१०मध्ये मलिक अंबरने हे शहर खडकी नावाने वसवलं तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न पाण्याचा होता. डोंगरातले झरे आणि जमिनीखालचं पाणी गोळा करून नहरींतून ते गावात खेळवायचं, हे तंत्र त्याने इथे रुजवलं. खडकीचं औरंगाबाद झालं, शहर वाढलं आणि आणखी नहरी झाल्या. खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. हे नक्शबंदी सूफी बुखाऱ्याजवळच्या गिज्दवानहून इतक्या लांब दख्खनेत आले. त्यांच्या तकियावर, म्हणजे मठात, फकीर, प्रवासी, फौजेतले शिपाई यांची सतत ये-जा असे. इतक्या माणसांना रोज भाकर द्यायची म्हणजे मणानं दळण आलं. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत या जागेची बांधणी होत गेली. डोंगरातलं पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणलं, उंच भिंतीवर चढवलं आणि तिथून खाली सोडलं. खाली पात्यांचं चाक. पाण्याच्या जोराने चाक फिरतं, चाकाबरोबर दांडा आणि दांड्याबरोबर दगडाची वरची तळी. खुंटा नाही, हात नाहीत.

एकदा पावसाळ्यात, पाणी चांगलं वाहत असताना, मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. भिंतीवरून पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात दुसरं काहीच ऐकू येत नाही. ओवी ऐकू येणारच नाही, हे तेव्हा लक्षात आलं. दुसरी एक गोष्ट तिथेच मनात आली आणि ती अजून सलते. पाण्यावर पीठ दळता येतं, हे या शहराला अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी ठाऊक झालं होतं. ते पीठ तकियावरच्या फकिरांना मिळालं, वाटसरूंना मिळालं. तटाच्या आतल्या घरांतल्या बायका मात्र पुढची दोनशेहून अधिक वर्षं पहाटे उठून दळतच राहिल्या. विद्या होती, पाणी होतं. ते त्यांच्यासाठी वळवावं असं कुणाला सुचलं नाही.

त्यांची सुटका केली ती तेलाच्या इंजिनाने. १९४६मध्ये किर्लोस्करांचा इंजिनांचा कारखाना पुण्यात उभा राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मराठवाड्यातल्या गावोगावी इंजिनावरच्या आणि पुढे विजेवरच्या गिरण्या दिसू लागल्या. संध्याकाळी गावाबाहेरून येणारा तो टुक-टुक आवाज माझ्या आईच्या पिढीला अजून आठवतो. आजीने पहिल्यांदा दळण गिरणीवर पाठवलं तेव्हा पीठ तापून येतं, त्याची चव जाते अशी कुरकुर केली होती म्हणे. आठवड्याभरात कुरकुर बंद झाली आणि जातं न्हाणीच्या कोपऱ्यात गेलं. पुन्हा कधी त्याला टाकी लावून घेतली नाही. त्या जात्याबद्दल हळवं होऊन बोलणारे लोक मला भेटतात. त्यातला एकही रोज पहाटे चारला उठून दळलेला नसतो.

जातं गेलं तरी बाईचं राखणीचं काम गेलं नाही. चैत्र-वैशाखात कांडपावर जाऊन बघा. जाफर गेटच्या मोंढ्यातून मिरच्या, धने, खोबरं आणायचं, गच्चीवर कडकडीत ऊन द्यायचं, मिरच्यांची देठं खुडायची, भाजायचं, आणि स्टीलच्या डब्यांत भरून, झाकणाला फडकं बांधून कांडपावर जायचं. तिथे आधीच आठ-दहा जणी नाकाला पदर लावून बसलेल्या असतात. हवेत तांबूस धूळ, शिंकांची माळ लागलेली. लोखंडी मुसळं एकाआड एक खाली येतात आणि खालच्या ओट्यात मसाला उड्या मारतो. आई कांडपवाल्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहते.

"दादा, आधी कुणाचं काढलं?"

"तिखट होतं काकू."

"मग आधी मूठभर धने फिरवून घ्या. तिखटावर माझं काळं घालू नका."

तो झटकणीने ओटा झाडतो, धने फिरवतो, ती भरड बाजूला काढतो आणि मग डबा ओततो. गिरणीतही हेच. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. उपासाची भाजणी असेल तर गिरणीवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं. डबा भरून झाला की आई चिमूट घेऊन अंगठ्याखाली चोळते, वास घेते आणि जिभेवर ठेवते. ही चिमूट म्हणजे तिची तपासणी. दाणा डोळ्यांना दिसतो, तो किडका आहे की चांगला हे कळतं. पूड झाली की ओळख पुसली जाते. तिखटात विटकरीचा भुगा किंवा हळदीत रंग मिसळला तर नजरेला पत्ता लागत नाही. भेसळीविरुद्धचा देशभराचा कायदा १९५४मध्ये झाला, त्याची जागा २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याने घेतली. तरी कांडपावर डब्याशेजारी उभी राहणारी बाई अजून हलायला तयार नाही, आणि मला ती बरोबर वाटते.

हळदीचं मात्र तिने फार पूर्वीच बाहेर सोपवलं. हळकुंड उकडून, वाळवून, घासून आलेलं असतं आणि दगडाला दगड. घरच्या खलबत्त्याला ते दाद देत नाही. वसमत, हिंगोली, नांदेडकडे पिकलेली हळद दळूनच घरात येते. तरीही लग्नघरी घाणा भरतात तेव्हा दोन मुसळं एकत्र बांधून, त्यांना आंब्याची पानं लावून, पाच सवाष्णी उखळात हळकुंडं कांडतात. कांडल्यासारखं करतात म्हणा हवं तर. अंगाला लावायची हळद पाकिटातूनच येते. पण कार्याचा मुहूर्त कुटण्या-दळण्याने होतो, हे कुणी मोडलेलं नाही.

पुडीची एक आठवण आमच्याकडे कडू आहे. १९७२चा दुष्काळ. पाझर तलावाच्या कामावर, रस्त्याच्या खडीवर माणसं बायकापोरांसह राबत होती. तिथे सुकडी मिळायची, गोडसर, कोरडी, भरडसर. पाण्यात कालवा किंवा तशीच फक्की मारा. धान्य म्हणून मिलो मिळायचा, अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. त्या पिढीतली माणसं आजही सुकडीचं नाव निघालं की एकदम गप्प होतात, नाहीतर तासभर बोलतात. दिवसभर हातोड्याने दगड फोडायचा आणि ओंजळीत भुकटी घ्यायची. एरवी ज्या घरांनी स्वतःच्या कणगीतलं दळलं, त्यांनी दुसऱ्याने दळलेलं असं खाल्लं. भूक भागली, पोरं जगली. सुकडीचा उपकार कुणी नाकारत नाही. पण तिची चव कुणाला परत नको असते.

दुधाच्या भुकटीची गोष्ट वेगळी. मंगोल स्वार वाळवलेलं दूध बरोबर बाळगत, असं मार्को पोलोने लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असं परदेशी तज्ज्ञांचं ठाम मत होतं. एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५मध्ये आणंदला तिचा कारखाना सुरू झाला. इथून पुढची सालं जरा ओळीने बघा. १९५६मध्ये पुण्यात वेकफिल्ड, म्हणजे कस्टर्ड पावडर, कॉर्नफ्लोअर आणि बेकिंग पावडर. १९६२मध्ये हुकमीचंद चोरडियांचे प्रवीण मसाले. १९६३मध्ये सुमीतचा मिक्सर, सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने भारतीय वाटणा-दळणाचा भार सोसेल अशी मोटर बसवून केलेला. १९७०मध्ये कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. गिरगावातले बेडेकर १९१०पासूनच दुकान मांडून होते, पण खरी उलथापालथ या पंधरा वर्षांतली. फडताळातल्या डब्यांची नावं पंधरा वर्षांत बदलली.

याच काळात मराठी घरांत केक आला. कुकरच्या तळाशी वाळू, शिटी आणि रिंग काढून ठेवलेली, आत तूप लावलेला डबा. ज्यांच्याकडे ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन होता त्यांच्याकडे वाड्यातली सगळी मुलं जमत. त्याआधी घरी भट्टी नव्हतीच. नानकटाई करायची तर तूप, पिठीसाखर, मैदा घेऊन बेकरीत जायचं आणि त्याच्या भट्टीत भाजून पत्र्याचा डबा भरून आणायचा. शहरात भट्टी पुष्कळ जुनी आहे. नान खलियाचा नान मैद्याच्या आंबवलेल्या पिठाचा, तापलेल्या भट्टीत चिकटवून भाजलेला. महंमद तुघलकाच्या फौजेबरोबर तो दौलताबादला आला असं लोक सांगतात. दंतकथा असेल, पण चव खरी आहे. मात्र खमिराला वेळ द्यावा लागतो, रात्रभर सांभाळावं लागतं. केकच्या चिमूटभर पांढऱ्या पुडीने ती रात्र वाचवली.

त्या पुडीची कूळकथा मला फार आवडते. बर्मिंगहॅमचा रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड बर्ड. त्याच्या बायकोला, एलिझाबेथला, अंडी सोसत नव्हती आणि यीस्टही सोसत नव्हतं. तिच्यासाठी त्याने १८३७मध्ये अंड्याविना कस्टर्डची पावडर केली आणि १८४३मध्ये यीस्टविना पाव फुगवणारी बेकिंग पावडर. सोडा आणि आम्ल दोन्ही कोरडी, मधे स्टार्च घालून एकमेकांपासून राखलेली. ओली झाली की वायू सुटतो आणि पीठ फुगतं. एका इंग्रज बाईच्या पथ्यासाठी झालेल्या या दोन पुडी शंभर वर्षांनी औरंगपुऱ्यातल्या, अंडं वर्ज्य असलेल्या घरांत अगदी मापात बसल्या. सोडा आपल्याला तसा नवखा नव्हता. पापडखार होताच. शिवाय आमच्यापासून फार लांब नसलेल्या लोणारच्या खाऱ्या सरोवरातला सोडा काच आणि साबणासाठी काढला जाई, त्याची नोंद अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी'त आहे. नवं होतं ते सोडा आणि आंबट एकाच डबीत सुखाने नांदवणं.

कस्टर्ड पावडर पहिल्यांदा घरात आली तेव्हा मावशीने डब्यावरची सूचना मोठ्याने वाचली. आधी थंड दुधात कालवा, मग गरम दुधात घाला. आई म्हणाली, "म्हणजे येसरच की हे." तिचं चुकलं नव्हतं. स्टार्च थेट उकळत्यात पडला की बाहेरून शिजतो, आत कोरडा राहतो आणि गुठळी होते. थंडात कालवला की कण सुटे होतात, मग उष्णतेने एकसारखे फुगतात. बर्मिंगहॅमच्या बर्डला आणि मराठवाड्यातल्या नाव न उरलेल्या बायकांना एकच गोष्ट सापडली होती. बर्डने डब्यावर आपलं नाव घातलं.

गेल्या काही वर्षांत या गोष्टीला आमच्याच जिल्ह्यात नवं वळण मिळालं आहे. वैजापूर-लासूरकडे कांदा, फुलंब्री-खुलताबाद-कन्नडकडे अद्रक. भाव पडला की शेतकरी माल बांधावर टाकून देतो. कांद्यात पंच्याऐंशी ते नव्वद टक्के पाणीच असतं. ते काढलं की न सडणारा, न रडवणारा, पोत्यात मावणारा माल उरतो. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या तरुणांनी सुरू केलेल्या 'एस फोर एस टेक्नॉलॉजीज' या कंपनीने सौर ड्रायर बनवले आणि ते गावातल्या बायकांच्या हाती दिले. बायकांनी कांदा, अद्रक, टोमॅटो चिरून वाळवायचा, कंपनीने तो विकत घ्यायचा आणि त्याचे काप, भुकटी पुढे खाद्यउद्योगाला जायची. २०२३मध्ये या कामाला अर्थशॉट पारितोषिक मिळालं, दहा लाख पौंडांचं.

पारितोषिकापेक्षा मला त्यातला एक साधा व्यवहार महत्त्वाचा वाटतो. वाळवायचं काम तेच आहे, गच्चीवरचं. चिरायचं, पसरायचं, उलथायचं, ढग आला की धावायचं. माझ्या आजीने ते आयुष्यभर केलं आणि कुणी ते कामात धरलं नाही. आता त्याच कामाची किलोवर मोजणी होते आणि पैसे बाईच्या हातात येतात. हॉटेलातल्या रश्शात, पाकिटातल्या सुपात जी कांद्याची पूड पडते, तिच्यामागे आमच्या भागातल्या कुणा बाईचा हिशेब लिहिलेला असू शकतो.

या उन्हाळ्यात भाचीने पुण्याहून फोन केला. कंपनीतून यायला रात्रीचे नऊ होतात, तिला येसर हवं होतं, पण या वेळी डबा नको होता. "मावशी, मला करायला शिकायचंय. आजीला विचारून प्रमाण पाठव. ग्रॅममध्ये हं." तिच्या मावशीने, म्हणजे माझ्या बहिणीने, ते माझ्यावर सोपवलं, मी आईला घेऊन बसलो. आईचं प्रमाण मापट्यात, चिपट्यात, ओंजळीत आणि "दिसेल तितकं" या मापात. ती ओंजळ भरायची, मी ती ताटलीत ओतून इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवायचो आणि आकडा लिहायचो. गहू लिहिले, डाळ लिहिली. धने मोजताना तिने दोनदा परत घेतले, म्हणाली हात आता लहान झालाय. खोबरं, मिरच्या, लवंगा. शेवटी तिने दगडफुलाची चिमूट ताटलीत टाकली. काटा शून्यावरच राहिला. मी पुन्हा शून्य करून पुन्हा ठेवली, तरी तेच. आई ताटलीकडे बघत होती. मग कागदावर दगडफुलापुढे मी 'आजीची एक चिमूट' असं लिहिलं आणि त्याचा फोटो भाचीला पाठवला.